पेट्रोलचा वास गेला आणि गाडी बंद पडायला लागली

सेलूच्या एका निवृत्त शिक्षकांचा प्रश्न आहे: "१९९७ ची कार्बोरेटरवाली मारुती ८०० आहे. घरातली पहिली गाडी, विकवत नाही. परभणीला निघालं की मानवत रोडच्या आसपास दम तोडायलीय. आधी झटके मारते, मग बंद. दहा-पंधरा मिनिटं सावलीत उभी केली की चालू होते, थोडं पुढं गेलं की परत तेच. मेकॅनिक म्हणतो एअरलॉक, म्हणजे पाइपात बुडबुडे होऊन पेट्रोल अडतं. एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा) नवा टाकला, फिल्टर बदलला, कार्बोरेटर खोलून साफ केला. काही फरक नाही. मागं गाडीत पेट्रोलचा वास यायचा, तो एका गॅरेजवाल्यानं बंद करून दिला, आता वास नाही. टाकीचं झाकण उघडताना मोठा फुस्स आवाज येतो. हे एअरलॉकच आहे का?"

गुरुजी, तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेल्या दोन गोष्टी मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटल्या: वास "बंद करून दिला" आणि झाकण उघडताना फुस्स. या दोन गोष्टींचं एकमेकांशी नातं आहे असं मला वाटतं. गाडी न बघता खात्री देता येत नाही, पण माझा अंदाज असा की वास बंद करण्यासाठी कुणीतरी टाकीच्या वाफेची नळी बंद केलीय, आणि आता टाकीला श्वास घेता येत नाही. पंप, फिल्टर आणि कार्बोरेटर यांचा यात दोष नसावा. तिघंही टाकीतून पेट्रोल येण्याची वाट बघत बसलेले आहेत.

इंजिन पेट्रोल ओढतं तेव्हा टाकीत तेवढी जागा रिकामी होते, आणि ती भरायला बाहेरून हवा आत यावी लागते. काचेच्या सलाईनच्या बाटलीला नर्स दुसरी सुई टोचून ठेवायची, ती याचसाठी. उलट बाजूनं, ऊन चढलं की टाकीत वाफ वाढते, तिला बाहेर पडायला वाट लागते. जुन्या ॲम्बॅसॅडर, पद्मिनी, जीप यांच्या झाकणातच बारीक भोक असायचं. हवा आत, वाफ बाहेर, सगळं त्यातूनच. नंतरच्या गाड्यांत वाफ हवेत सोडायची नाही म्हणून व्यवस्था बदलली: टाकीवरून एक बारीक नळी निघते, पुढे इंजिनजवळ कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये जाते, आणि इंजिन चालू असताना ती वाफ ओढून जाळून टाकतं. झाकण बाहेरच्या दिशेला बंद, आतल्या दिशेला मात्र स्प्रिंगवरची छोटी झडप, आत थोडा व्हॅक्यूम झाला की ती उघडते.

म्हणजे बहुतेक गाड्यांत हवा आत यायला दोन वाटा असतात, वाफेची नळी (कॅनिस्टरच्या उघड्या तोंडातून) आणि झाकणातली झडप. नळीचं तोंड कुणी बंद केलं तरी झडप काम करत राहते, गाडी काही महिने नीट चालते आणि वास गेल्याचा आनंद टिकतो. मग धूळ, गंज, पेट्रोलचा चिकट थर यांनी झडप चिकटते. त्या दिवसापासून गाडी बंद पडायला लागते, आणि जुन्या कामाची आठवण कुणालाच राहत नाही. तुम्हाला ती राहिली, हे बरं झालं.

नळी बंद करायची आपल्याकडची पद्धत ठरलेली आहे. रबरी नळी कापायची, त्यात एक बोल्ट घालायचा आणि वरून क्लिप आवळायची. एलपीजी किट बसवलेल्या जुन्या गाड्यांत तर हे हमखास सापडतं, कारण किट बसवताना कॅनिस्टर अडचण करतो आणि काढून टाकला जातो. गाडी उचलून टाकीपासून पुढपर्यंत प्रत्येक नळीवर हात फिरवा. मारुतीला टाकीकडून साधारण तीन वाटा येतात: पंपाकडे जाणारी, पंपाकडून उरलेलं पेट्रोल परत आणणारी रिटर्न, आणि वाफेची. तिसरी सगळ्यात बारीक आणि सगळ्यात दुर्लक्षित असते. तिचं पुढचं टोक कुठं संपतं ते बघा. कॅनिस्टर असेल तर तिथं, नसेल तर मध्येच कुठंतरी बोल्ट दिसेल असं माझं मन सांगतं.

पण बोल्ट शोधायच्या आधी खात्री करून घेऊ. तिला पैसे लागत नाहीत.

सकाळी, थंड वेळी, टाकी पाऊण ते पूर्ण भरलेली असताना निघा. गाडी झटके मारायला लागली की कडेला सुरक्षित थांबा, इंजिन अजून धडपडत असेल तर बंद करू नका, आणि कुणाला तरी आत बसवून तुम्ही झाकणाकडे जा. झाकण हळू, अर्धा आटा फिरवा आणि ऐका. फुस्स झालं आणि त्यानंतर काही सेकंदांत इंजिन सावरलं, तर विषय संपला. टाकी व्हॅक्यूम पकडते. फुस्स आत जाणाऱ्या हवेचा की बाहेर येणाऱ्या वाफेचा, हे कानाला नेहमी कळत नाही. त्यासाठी पातळ कागदाची पट्टी झाकणाच्या फटीजवळ धरा. पट्टी आत ओढली गेली तर व्हॅक्यूम, बाहेर उडाली आणि वासाचा भपकारा आला तर दाब.

सकाळ आणि भरलेली टाकी हे मुद्दाम सांगतोय. व्हॅक्यूमचा दोष भरलेल्या टाकीत लवकर दिसतो, कारण पेट्रोलच्या वर हवा थोडी असते. वर ५ लिटर हवा असेल तर १०० मिलिलिटर पेट्रोल गेल्यावर ती २ टक्के विरळ होते. वर २० लिटर हवा असेल तर तेवढ्याच विरळपणासाठी ४०० मिलिलिटर जावं लागतं. शिवाय दुपारी टाकी तापत असते, नवी वाफ तयार होऊन रिकामी जागा भरते आणि दोष लपवते. खऱ्या एअरलॉकचं उलट आहे. पाइपात किंवा पंपात पेट्रोल उकळून बुडबुडे होणं हे दुपारी दोनच्या उन्हात, टाकी तळाला आलेली असताना, चढावर किंवा गर्दीत हळू चालताना, नाहीतर गरम गाडी दहा मिनिटं बंद करून परत सुरू करताना होतं. मांजरसुंब्याच्या घाटात मे महिन्यात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या जुन्या गाड्या बहुतेक या जातीच्या. म्हणून माझ्याकडे कुणी आलं की मी आधी एवढंच विचारतो: टाकी भरलेली असताना बंद पडते की रिकामी? सकाळी की दुपारी? अर्धं निदान तिथंच होतं. तुमच्या प्रश्नात ही माहिती नाही, ती आठवून बघा.

तुमचा मेकॅनिक एअरलॉक म्हणतो तेही अगदीच चूक नसेल. पेट्रोलचा बाष्पदाब, म्हणजे त्याची वाफ किती जोर करते त्याचं माप, ३७.८ अंश सेल्सिअसला मोजतात आणि साध्या पेट्रोलला तो जास्तीत जास्त ६० किलोपास्कल असावा असं प्रमाण आहे. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलंच तापमान ४२ अंशांच्या वर जातं, म्हणजे मोजमापाची रेषा आपण टाकीतच ओलांडलेली असते. इंजिनजवळ तर बोलायलाच नको. त्यात तुमचा एसी पंप इंजिनवर बसलेला, आणि टाकीपासून पंपापर्यंतचं पेट्रोल दाबाखाली नसून ओढीखाली असतं. ओढ वाढली की पेट्रोल कमी तापमानाला उकळतं. टाकीतच व्हॅक्यूम असेल तर पंपाला जास्त जोर लावून ओढावं लागतं आणि पाइपात बुडबुडे होतात. म्हणजे एअरलॉक खराच झाला, पण तो झाकणामुळे झाला. पंपावर ओलं फडकं टाकून गाडी चालू होते ती अशा वेळी, आणि मग सगळे पंपाच्याच मागे लागतात.

झाकण उघडताना आवाज आला नाही, ओल्या फडक्यानंही फरक पडला नाही, तर दोन लबाड दोष तपासा. दोन्ही हुबेहूब असंच नाटक करतात. एक इग्निशन कॉइल: गरम झाली की स्पार्क मरतो, थंड झाली की परत येतो. गाडी बंद पडल्याबरोबर स्पार्क बघा, पण पेट्रोलच्या वासापासून लांब. दुसरा टाकीतला गंज. पापुद्रे ओढले जाऊन टाकीतल्या नळीच्या तोंडाला चिकटतात, गाडी थांबली की खाली गळतात आणि परत रस्ता मोकळा होतो. जुन्या पत्र्याच्या टाकीत, विशेषतः गाडी पावसाळाभर उभी राहिली असेल तर, हे नेहमीचं आहे. फिल्टरमध्ये लालसर भुकटी दिसली की संशय घ्यावा.

आता झाकण. ते काढून आतली रबरी वायसर आणि झडप बघा. मेडिकलमध्ये ५० मिलिलिटरची सिरिंज मिळते, ती आणि हातभर रबरी नळी एवढ्यात तपासणी होते. झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथं झडप आहे तिथं, नळी घट्ट टेकवून दट्ट्या ओढा. थोड्या ओढीवर झडप उघडून हवा यायला हवी. दट्ट्या ताणला जाऊन परत मागे जात असेल तर झडप मेलीय. तोंडानं ओढून बघू नका. ही खोड गॅरेजात अजून आहे आणि वाईट आहे. पेट्रोलचा घोट पोटात जाण्यापेक्षा त्याचा एक थेंब फुफ्फुसात जाणं जास्त महाग पडतं.

चावीवालं झाकण बाजारातून घेतलेलं असेल तर तेच गुन्हेगार असू शकतं. दिसायला आटे जुळतात, आत झडप नसते. याच्या उलटही होतं. कॅनिस्टरच्या गाडीला भोकाचं झाकण बसवलं की व्हॅक्यूम कधीच होत नाही, पण पार्किंगमध्ये रोज सकाळी वास येतो आणि मालक गळती शोधत फिरतो. तुमच्या गाडीला तिच्या जातीचंच झाकण घ्या.

ज्यांना आकडा हवा असतो त्यांच्यासाठी एक युक्ती. गवंडी लेव्हल बघायला जी पारदर्शक नळी वापरतो, तिचा दोन-तीन मीटरचा तुकडा घ्या. मध्ये झोळ पडेल असा टांगा, अर्धं पाणी भरा, एक टोक टाकीच्या वाफेच्या नळीला जोडा, दुसरं उघडं ठेवा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला १० सेंटिमीटरचा फरक म्हणजे जवळपास १ किलोपास्कल. झाकण लावून गाडी दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. अशी नळी जोडली की वाफेची वाट आपोआप बंद होते, त्यामुळे परीक्षा एकट्या झाकणाची होते. पाणी थोडंसं टाकीच्या बाजूला चढून थांबलं तर झडप उघडतेय. चढतच राहिलं, वीत-दीड वीत झालं, तर झाकण बदला. पाणी उलट दिशेला, बाहेरच्या टोकाकडे चढत असेल तर टाकीत दाब होतोय, तपासणी थंड वेळी परत करा.

आणि एक सक्त सूचना. नळ्या साफ करताना कॉम्प्रेसरची हवा टाकीकडे मारायची नाही. आधी दोन्ही टोकं सोडवा, मग नळीतून मारा. या प्रणालीत गळती शोधायला जो दाब देतात तो अर्धा पीएसआय, म्हणजे पाण्याचे ३५ सेंटिमीटर. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर त्याच्या शेकडो पट देतो. टाकीचा पत्रा किती नाजूक असतो याचा हिशोब करून बघा: ६० बाय ४० सेंटिमीटरच्या पृष्ठभागावर १० किलोपास्कलचा फरक पडला तरी सुमारे २४० किलोचा भार होतो. म्हणूनच व्हॅक्यूम धरलेल्या टाक्या आत पिचकतात.

तुमची टाकी पिचकलीय का, ते गाडीखाली वाकून बघा. एसी पंपाची ओढ चांगली असते, टाकीतला विरोध सहन करत तो बराच वेळ ओढत राहतो. म्हणून तुमची गाडी मानवत रोडपर्यंत पोचते. कार्बोरेटरवाल्या मोटरसायकलला पंप नसतो. टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरपेक्षा वीतभर उंच असतं, तेवढ्याच वजनावर ते उतरतं, आणि वीतभर पेट्रोलचं वजन म्हणजे दीड-पावणेदोन किलोपास्कल. त्यामुळे झाकणाचं भोक बुजलं की गाडी दोन-चार किलोमीटरात थांबते, झाकण उघडून बंद केलं की परत दोन-चार किलोमीटर जाते. शेतात जाणाऱ्या गाड्यांचं भोक काळ्या मातीच्या धुळीनं बुजतं. पहिल्या पावसात धुळीचा चिखल होतो, तो वाळला की सिमेंटसारखा बसतो. बारीक तार आणि थोडं पेट्रोल, एवढंच औषध. ट्रॅक्टरच्या डिझेल टाकीचंही हेच आहे. तिथं वाफेचा प्रश्न नसतो, पण झाकण बुजलं तर ट्रॅक्टर नांगरताना दम तोडतो.

कॅनिस्टरच्या हवेच्या तोंडाला आणखी एक शत्रू आहे, कुंभारीण. मातीचं घर करणारी ही माशी उघड्या नळीचं तोंड बघून ठेवते. उन्हाळ्यात गाडी गोठ्याजवळ किंवा पत्र्याच्या शेडमध्ये पंधरा दिवस उभी राहिली की नळीत मातीचा बूच तयार. तोंडाला बारीक जाळी लावा, कापड किंवा स्पंज कोंबू नका.

कॅनिस्टर सापडला तर हातात घेऊन बघा. जड लागला, हलवल्यावर आत पेट्रोल डुचमळलं, किंवा नळीतून कोळशाचे काळे दाणे पडले तर तो गेला. त्याला धुऊन उन्हात वाळवायचे प्रयोग करू नका. तो जातो बहुतेक आपल्याच हातानं, पंपावर "गच्च भर" म्हटल्यामुळे. नोझल आपोआप कट झाल्यावर आपण गाडी हलवून अजून अर्धा लिटर घालतो. पेट्रोल तापलं की दर अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. जमिनीखालच्या थंड टाकीतलं ३० लिटर पेट्रोल १५ अंशांनी तापलं की जवळपास अर्धा लिटर वाढतं. गळ्यापर्यंत भरलेल्या टाकीत त्याला जागा नसते, मग ते द्रवरूपातच वाफेच्या नळीत शिरून कॅनिस्टर भिजवतं. दर उन्हाळ्यात "टाकी पूर्ण भरू नका, स्फोट होईल" असा मेसेज फिरतो, तो खोटा आहे. कट होईपर्यंत भरा, टाकीत फुगवट्याची जागा कंपनीनं ठेवलेली असते. कटच्या पुढे मात्र थेंबही नको.

हे वाचणाऱ्यांत एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या गाड्यांचेही मालक असतील, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. तिथं पंप टाकीत असतो, पाइपात २ ते ३ बारचा दाब असतो, त्यामुळे पाइपातला एअरलॉक क्वचितच होतो. तिथं वेगळा दोष बघायला मिळतो: कॅनिस्टरमधून वाफ ओढणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकतो. ओळखायची खूण ठरलेली आहे. पेट्रोल भरून निघालं की गाडी लवकर चालू होत नाही, झाली तर आयडलिंगला थरथरते आणि पाच मिनिटांत सुधारते. बाकी वेळी ठणठणीत. थंड इंजिन आयडलिंगला ठेवून व्हॉल्व्हची टाकीकडची नळी काढा आणि तोंडावर बोट ठेवा. ओढ लागता कामा नये. लागली तर व्हॉल्व्ह गळतोय.

गुरुजी, आता तुमच्या कामाचा क्रम. आधी झाकण. मग बोल्ट काढून नळी जोडा. पण नळी जोडली की जुना वास परत येईल, कारण मूळ दुखणं तेव्हा कुणी शोधलंच नव्हतं. टाकीवरच्या पेट्रोलच्या काट्याच्या युनिटची गॅस्केट बघा, पेट्रोल भरायच्या नळकांड्याचा रबरी जोड वाकवून त्यात चिरा आहेत का बघा, आणि वाफेच्या नळीचे सगळे रबरी तुकडे बदलून टाका. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि १९९७ चं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. ते कुठं फुगतं, कुठं कडक होऊन तडकतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला चालेल असं लिहिलेली नळी मागा, साध्या पाण्याच्या नळीवर भागवू नका.

काम मोकळ्या हवेत करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती गॅरेजच्या खड्ड्यात जाऊन बसते आणि तिथं वायरचा उघडा बल्ब घेऊन उतरणं म्हणजे संकटाला बोलावणं. बॅटरीचं टर्मिनल आधी काढा. गरम गाडीचं झाकण झटकन उघडू नका, पहिल्या आट्यावर थांबून दाब जाऊ द्या.

टाकी पिचकलेली निघालीच, तर काटा चुकीचं दाखवेल आणि तळ वर आला असेल तर आतल्या नळीचं तोंड त्याला टेकून पेट्रोल अडेल. तेवढं नसेल, नुसता वरचा पत्रा थोडा बसला असेल, तर तशीच वापरा. ठोकून सरळ करायला किंवा वेल्डिंग करायला मात्र कुणाला देऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण ती वाफेनं भरलेली असते. भंगारातून आणायची असेल तर आत बॅटरीचा उजेड टाकून गंज बघूनच घ्या, आणि येताना तिच्याबरोबर मूळ झाकणही मागून घ्या, दुकानदार ते बहुतेक वेळा फुकट देतो.